शिंदे-वासुली : डाऊ केमिकलला माघार घ्यायला लावणारं गाव

चाकणच्या पश्चिमेला कारखान्यांच्या शेडमागे भामचंद्र डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी खेड तालुक्यातली शिंदे आणि वासुली ही शेतकऱ्यांची गावं आहेत.

डोंगराचं महत्त्व काय?
डोंगरात कोरीव गुहा आहेत. संत तुकारामांनी इथे ध्यान केलं, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आजही वारकरी विद्यार्थी इथे राहून अभ्यास करतात.

२००८ मध्ये काय घडलं?
गावच्या गायरानावर डाऊ केमिकल कंपनीचं संशोधन केंद्र उभं राहत होतं. १९८४ च्या भोपाळ वायुगळतीशी जोडलेली युनियन कार्बाइड ही कंपनी डाऊने २००१ मध्ये विकत घेतली होती. त्यामुळे रसायनं आपल्या पाण्यात आणि शेतात उतरतील, ही गावकऱ्यांची भीती होती. त्यांनी रस्ता अडवला. बंडातात्या कराडकर यांच्या नेतृत्वाखाली वारकरीही आंदोलनात उतरले. प्रकल्पाच्या जागेवर जाळपोळ झाली आणि पुढे डाऊने इथून माघार घेतली.

मग प्रश्न सुटला का?
पूर्ण नाही. डाऊ गेली, पण चाकण एमआयडीसीचा दुसरा टप्पा वासुली, सावरदरी, खालुंब्रे परिसरात पसरला. जिथे गुरं चरायची, त्या भागात आता कंटेनरच्या रांगा लागतात.