तरुण कुटुंबाचा नाताळ : घरच्या परंपरा, हातची भेट आणि सहकुटुंब भेटीगाठी

ख्रिस्तजयंतीच्या सणाला आपण ‘नाताळ’ म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’ या शब्दावरून मराठीत व कोकणीत आला असून त्याचा अर्थ ‘जन्मासंबंधीचा’ असा होतो. २५ डिसेंबर या दिवशी रोम येथे ख्रिस्तजन्माचा सण पाळला जात असल्याची नोंद इ. स. ३३६ इतकी जुनी आहे. चर्चमधील उपासना हा या सणाचा गाभा होय. परंतु त्या उपासनेचा अर्थ लहान मुलांच्या मनात रुजतो तो घरात, आईवडिलांच्या व आजीआजोबांच्या सहवासात.

वसई-विरार पट्ट्यातील पुष्कळ तरुण जोडपी आज पहाटेची लोकल पकडून मुंबईला नोकरीसाठी जातात आणि दिवेलागणीनंतर घरी परततात. अशा घरांत गोठा, चांदणी, फराळ व भेटवस्तू तयार विकत आणल्या जातात. त्यात गैर काही नाही. मात्र सर्वच तयार आले, तर मुलांना करण्यासारखे काही उरत नाही. ती सणाची केवळ प्रेक्षक होतात आणि ‘मला काय मिळणार?’ एवढाच प्रश्न त्यांच्यापाशी शिल्लक राहतो. हे टाळता यावे म्हणून आगमनकाळापासून प्रभुप्रकटीकरणापर्यंतच्या घरगुती प्रथांची माहिती प्रस्तुत लेखात क्रमाने दिली आहे. यांतील सर्व प्रथा पाळणे अपेक्षित नाही. दोन-तीन निवडाव्यात, त्या दरवर्षी न चुकता पाळाव्यात आणि प्रत्येक प्रथेत मुलांच्या हाताला काही काम द्यावे.

आगमनकाळ आणि चार मेणबत्त्या

आगमनकाळ हा ख्रिस्तसभेच्या उपासना-वर्षाचा आरंभ होय. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यान येतो. या काळात चार रविवार असतात. उपासनेचा रंग जांभळा असतो; तिसऱ्या म्हणजे आनंदाच्या रविवारी गुलाबी रंग वापरता येतो. १७ डिसेंबरपासूनचे दिवस ख्रिस्तजन्माच्या निकट तयारीचे मानले जातात.

आगमनचक्राची प्रथा जर्मनीतील हँबर्ग शहरातून आली. योहान विखर्न हे प्रोटेस्टंट पाळक तेथे निराधार मुलांसाठी आश्रम चालवीत असत. ‘नाताळ कधी येणार?’ असे मुले सारखी विचारीत, म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारसाठी मोठी आणि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्ती होती. पुढे चार मेणबत्त्यांच्या रूपात ही प्रथा कॅथलिक घरांत व चर्चमध्येही रूढ झाली.

आपल्या घरी यासाठी एक ताट, थोडी ओली माती, चार मेणबत्त्या आणि अंगणातील हिरवी पाने पुरेशी आहेत. रविवारी संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे, घरातील सर्वांत लहान सदस्याने मोठ्यांच्या मदतीने मेणबत्ती पेटवावी आणि शुभवर्तमानातील एक छोटा उतारा वाचावा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ची मराठी भाषा मुलांनाही समजण्याजोगी आहे. दहा मिनिटांच्या या प्रार्थनेतून वाट पाहणे म्हणजे काय, हे मूल शिकते.

गोठा

असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या डोंगरी गावात नाताळच्या रात्री पहिला जिवंत देखावा उभा केला. तेथे मूर्ती नव्हत्या. गव्हाण, गवत, बैल आणि गाढव एवढेच होते, आणि गावकरी मशाली घेऊन जमले होते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेच्चो येथे गोठ्याच्या अर्थाविषयी ‘आदमिराबिले सिग्नुम’ हे प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले. घराघरांतून गोठा करण्याची रीत आईवडील व आजीआजोबांनी पुढच्या पिढीकडे सोपवावी, असे त्यांनी त्यात आवर्जून सांगितले. गोठा साधा असो वा भव्य, तो आपल्या जीवनाशी बोलला पाहिजे, हे त्या पत्राचे सूत्र आहे.

घरच्या गोठ्यासाठी बांबू, भाताचा पेंढा, माती व खोक्यांचा पुठ्ठा हे साहित्य उत्तम. मुलांसाठी तीन कामे राखून ठेवावीत.

पहिले काम पेरणीचे. पसरट डब्यात माती घालून १३ डिसेंबरच्या सुमारास गहू किंवा नाचणी पेरावी. नाताळपर्यंत गोठ्यासाठी हिरवेगार शेत तयार होते. क्रोएशिया व हंगेरी या देशांतही १३ डिसेंबरला, संत लुसीच्या सणाला, गहू पेरण्याची प्रथा आहे.

दुसरे काम पेंढ्याचे. गोठ्यातील गव्हाण आरंभी रिकामी ठेवावी. मुलाने एखादे सत्कृत्य केले, की त्याने गव्हाणीत गवताची एक काडी ठेवावी. भावाशी भांडण मिटवणे, आजीला औषध आणून देणे, शेजारच्या एकट्या आजोबांची विचारपूस करणे, अशी ती साधी कृत्ये असावीत. बाळ येशूसाठी आपण अंथरूण करीत आहोत, ही जाणीव त्यातून येते. काड्या मोजून मुलांत स्पर्धा मात्र लावू नये.

तिसरे काम बाळ येशूची मूर्ती ठेवण्याचे. ती नाताळच्या रात्रीच, मुलांच्या हस्ते ठेवावी. रोममधील मुले आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी आपापल्या घरच्या बाळ येशूच्या मूर्ती संत पेत्राच्या चौकात नेतात आणि पोपमहोदय त्यांना आशीर्वाद देतात.

चांदणी

मत्तयच्या शुभवर्तमानातील ताऱ्याचे स्मरण म्हणून दारावर चांदणी टांगतात. जर्मनीतील मोरेव्हियन पंथीयांच्या निवासी शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भूमितीचा पाठ म्हणून कागदी तारे करण्यास आरंभ झाला. तेथील पुष्कळ मुलांचे आईवडील दूरदेशी मिशनकार्यात होते. आईवडिलांपासून दूर असलेल्या त्या मुलांनी केलेले तारे पुढे जगभर पोहोचले.

आपल्याकडील पंचकोनी चांदणी वडिलांनी मुलांसह एका रविवारी करावी. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्याव्यात. पाच-पाच कामट्यांचे दोन तारे बांधून ते पाचही टोकांशी एकमेकांना जोडावेत. आतल्या पाच छेदबिंदूंत बोटभर लांबीच्या काड्या आडव्या बसवल्या, की चांदणीला फुगवटा येतो. नंतर मैद्याच्या खळीने पतंगाचा कागद चिकटवावा. आत मेणबत्ती न ठेवता कमी उष्णतेचा एलईडी दिवा लावावा. नाताळच्या झाडासाठी समुद्रकिनाऱ्यावरील सुरूची झाडे मात्र तोडू नयेत. कुंडीतील कोणतेही रोप सजवले तरी चालते.

हातची भेट

मागी ज्ञानी लोकांनी बाळ येशूला सोने, ऊद व गंधरस अर्पण केला, तर मेंढपाळ केवळ भेटीला आले. भेटवस्तूंच्या प्रथेमागे हे दोन्ही प्रसंग आहेत. मायराचे महागुरू संत निकोलस यांनी गरिबांना गुप्तपणे साहाय्य केल्याची परंपरा सांगितली जाते; त्यांचा सण ६ डिसेंबरला येतो. ‘सांताक्लॉज’ हे नाव त्यांच्याच डच नावावरून आले आहे. भेट गुपचूप व गरजवंताला द्यावी, ही त्यांची शिकवण मुलांना अवश्य सांगावी.

भेटींचा खर्च वाढत गेला, की ऐपत नसलेल्या नातलगांची कुचंबणा होते. कुटुंबातील सर्वांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एकाच व्यक्तीसाठी स्वतःच्या हाताने भेट तयार केली, तर हा प्रश्न सुटतो. काही सोप्या भेटी अशा आहेत :

• रोझरीची माळ : पाच दशकांच्या माळेला ५९ मणी लागतात. आठ-नऊ वर्षांचे मूल मोठ्यांच्या देखरेखीखाली ती ओवू शकते.
• गोधडी : आजीच्या जुन्या लुगड्यांची व बाळाच्या झबल्यांची लहान गोधडी नवजात बालकासाठी अमोल ठेवा ठरते.
• सुकेळी : राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली सुकेळी ही वसईची खासियत. परदेशी असलेल्या आप्तांना यासारखी गावची आठवण नाही.
• आठवणींची वही : आजोबांच्या लहानपणीचा नाताळ नातवाने त्यांच्या तोंडून ऐकून लिहून काढावा व ती वही त्यांनाच भेट द्यावी.
• सेवेची चिठ्ठी : ‘महिनाभर रात्रीची भांडी मी घासीन’ असे लिहून आईला द्यावे आणि शब्द पाळावा.

फराळ

गोव्यात नाताळच्या गोडधोडाला ‘कुस्वार’ म्हणतात. त्यात नेवऱ्या, दोदोल, कलकल इत्यादी पदार्थ येतात. शेजाऱ्यांच्या घरी पाठवण्याच्या ताटाला तेथे ‘कोन्सवाद’ म्हणतात. आपल्याकडेही करंज्या, कलकल व केक सर्वत्र होतात. वेळ थोडा असेल तर एकच पदार्थ घरी करावा, आणि तो कलकल असावा. रवा-मैद्याच्या पिठात नारळाचे दूध घालून मळलेली लहान गोळी काट्याच्या चमच्यावर दाबून वळवली, की कलकल तयार होते. वळण्याचे काम चार वर्षांचे मूलही करते. तळण्याचे काम मात्र मोठ्यांनीच करावे.

दिवाळीत हिंदू शेजाऱ्यांकडून आलेले फराळाचे ताट नाताळात भरून परत पाठवणे ही आपल्या गावांची जुनी रीत आहे. ताट घेऊन मुलांना पाठवावे. ज्या घरी वर्षभरात मृत्यू झाला आहे तेथे गोडधोड करीत नाहीत. तेथे शेजाऱ्यांनी फराळ न्यावा आणि थोडा वेळ बसून यावे. अशा घरातील मुलांना सणाच्या दिवशी आपण एकटे पडलो, असे वाटू देऊ नये.

सहकुटुंब भेटीगाठी

नाताळच्या सुटीत बाहेर पडणे म्हणजे मॉलमध्ये जाणेच, असे नाही. गावोगावचे गोठे पाहण्यासाठी एक संध्याकाळ ठेवावी. प्रत्येक गोठ्यापाशी क्षणभर थांबून एक प्रार्थना म्हणावी आणि ‘या गोठ्यात तू कोण आहेस?’ असे मुलांना विचारावे.

एक सकाळ वसईच्या किल्ल्यासाठी राखावी. १५३४ च्या तहान्वये वसई पोर्तुगीजांकडे आली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी किल्ला जिंकला. किल्ल्यातील चर्चचे भग्नावशेष मुलांना दाखवावेत. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर हौतात्म्य प्राप्त झाले. १८६२ साली त्यांना संतपद बहाल करण्यात आले. आपल्या मातीतील या संताची ओळख मुलांना तेथे उत्तम प्रकारे होते.

तिसरी भेट वृद्धाश्रमाला, अनाथाश्रमाला किंवा अंथरुणाला खिळलेल्या नातलगाला द्यावी. जाण्यापूर्वी संबंधितांना विचारून वेळ ठरवावी, छायाचित्रांचा सोस टाळावा आणि मुलांनी एखादे नाताळगीत म्हणावे. संत व्हिन्सेंट दी पॉल संस्थेचे सभासद आपल्या धर्मग्रामातील गरजू कुटुंबांची माहिती देऊ शकतात.

नाताळची रात्र आणि पुढील दिवस

२४ तारखेची संध्याकाळ घाईगर्दीची असते. म्हणून पापनिवेदन आधीच्या आठवड्यात करावे व मुलांना दुपारी झोपवावे. मिस्साबलिदानास निघण्यापूर्वी लूकच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या वीस ओव्या वाचाव्यात आणि बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत ठेवावी. प्रत्यक्ष ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीबद्ध रचनेत फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराणा’त गायिली असून तो ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. घरातील वडीलधाऱ्यांनी त्यातील थोडा भाग वाचून दाखवल्यास मुलांना आपल्या भाषेचे वैभवही कळेल.

नाताळ २५ तारखेला संपत नाही. २८ डिसेंबरला निष्पाप बालकांचे स्मरण केले जाते. त्या दिवशी आईवडिलांनी मुलांच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद द्यावा. नाताळनंतरच्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण असतो, आणि नाताळ रविवारी आल्यास तो ३० डिसेंबरला होतो. १ जानेवारीला देवमाता पवित्र मरियेचा सोहळा असतो. प्रभुप्रकटीकरणाचा मूळ दिवस ६ जानेवारी असून भारतात हा सण २ ते ८ जानेवारी यांदरम्यानच्या रविवारी साजरा करतात. त्या दिवशी मागी राजांच्या मूर्ती गोठ्यापाशी आणाव्यात. प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाने नाताळकाळाची सांगता होते. गोठा तोपर्यंत ठेवावा.

ज्या कुटुंबांना एवढा वेळ नाही, त्यांनी निदान तीन गोष्टी कराव्यात : रविवारी एक मेणबत्ती पेटवावी, घरातील एकाने दुसऱ्यासाठी हाताने एक भेट करावी आणि एका एकाकी माणसाच्या घरी सहकुटुंब जावे. यांस पैसा फारसा लागत नाही. आईवडिलांचा वेळ लागतो, आणि मुलांना तोच हवा असतो. बेथलेहेमच्या पवित्र कुटुंबाजवळही त्या रात्री एकमेकांच्या सोबतीखेरीज फारसे काही नव्हते. तेच पवित्र कुटुंब आपल्या तरुण कुटुंबांचे रक्षण करो.