पांडा बदलला नाही ते वर्ष

चीनने पांडाचं चित्र असलेली सोन्याची नाणी १९८२ साली काढली, आणि चांदीची १९८३ साली. एका बाजूला बीजिंगचं स्वर्गमंदिर, दुसऱ्या बाजूला पांडा. देऊळ तेच, पांडा मात्र दरवर्षी नवा. कधी बांबू चघळणारा, तर कधी पिल्लाला जवळ घेऊन बसलेली आई. सुरुवातीची चांदीची नाणी अगदी थोडी पाडली, पहिल्या वर्षी फक्त १०,०००. गुंतवणुकीसाठी म्हणून एक औंसाचं, म्हणजे ३१.१ ग्रॅमचं शुद्ध चांदीचं नाणं आलं ते १९८९ साली.

आता गंमत बघा. २००१ साली चीनने ठरवलं की यापुढे चित्र बदलायचं नाही, एकच पांडा कायम ठेवायचा. हिशेबाने पाहिलं तर त्यात चूक काय? चांदी तेवढीच, वजन तेवढंच. आपल्याकडे सराफ तरी तागडीत टाकताना चित्र कुठे बघतो! त्याप्रमाणे २००२ च्या नाण्यावर २००१ चाच पांडा आला, साल तेवढं बदललं.

संग्राहकांना ते मुळीच रुचलं नाही. दरवर्षी नवा पांडा बघायला मिळतो म्हणून तर ते चांदीच्या भावापेक्षा चार पैसे जास्त मोजत होते. त्यांची नाराजी वर पोचली आणि २००३ साली पांडा पुन्हा बदलला. तेव्हापासून तो दरवर्षी बदलतोच आहे.

पुढे २०१६ साली औंस सोडून वजन सरळ ३० ग्रॅम केलं. वजन घटलं, पण चित्राला कोणी हात लावला नाही.