व्हॅक्सिन डेपो आणि शेवटचे घर

बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो कोठे आहे, हे कोणाला विचारावे लागत नाही. सकाळी फिरायला जाणाऱ्यांची ती झाडी आहे, सुट्टीत पोरांचे खेळायचे मैदान आहे, आणि सीमाप्रश्नावरचे मेळावेही तिथे भरले आहेत. मराठी बोलणारा असो, कन्नड बोलणारा असो, की घरात कोकणी वा उर्दू बोलणारा असो, सगळे त्या जागेला व्हॅक्सिन डेपोच म्हणतात. इंग्रजी नाव दोन्ही भाषांनी जसेच्या तसे उचलले. त्यामुळे या नावावरून आपल्याकडे कधी तंटा झाला नाही. आणि बहुधा त्यामुळेच ही कसली व्हॅक्सिन आणि ती इथे कशाला, हा प्रश्नही कोणाच्या मनात आला नाही.

ती व्हॅक्सिन देवीची. आज ज्यांची साठी उलटली आहे, त्यांच्या दंडावर तिची खूण असते. नातवाच्या खांद्यावर जो वण दिसतो तो क्षयाच्या लशीचा, बीसीजीचा. त्याच्या आजोबांच्या दंडावरचे वाटोळे, खोलगट वण देवीच्या लशीचे. देवीची लस आता कोणालाच टोचावी लागत नाही, कारण तो रोगच पृथ्वीवरून गेला. मानवी रोगांपैकी समूळ नाहीसा झालेला हा आजवरचा एकच. या कामात सगळे जग एकत्र आले होते आणि त्यात आपल्या गावाचाही हात लागला होता. सीमाभागाच्या इतिहासात हे पान क्वचितच कोणी उलटते.

देवीची दहशत आजच्या पिढीला सांगून पटणार नाही. आपल्या भागात पसरणाऱ्या जहाल प्रकारात दहा रोग्यांपैकी दोन-तीन दगावत. वाचलेल्यांपैकी कोणाचे डोळे जात, बहुतेकांच्या तोंडावर जन्माचे वण राहत. कन्नडात या रोगाला सिडुबु म्हणतात. पण घरात रोगी पडला की दोन्ही भाषांतल्या बायका रोगाचे नाव घेत नसत. आई म्हणून, अम्मा म्हणून तिला विनवीत. उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवीत, घरात फोडणी देत नसत. औषध नव्हतेच, तेव्हा शरण जाण्यावाचून दुसरे काय करणार?

१७९६ साली इंग्लंडात एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या देवीची लस टोचून पाहिली आणि सहाच वर्षांत ती आपल्या किनाऱ्याला लागली. ती कशी आली, हे ऐकण्यासारखे आहे. त्या काळी बर्फ नाही, शीतपेटी नाही. लस जिवंत ठेवायची तर माणसाच्या अंगावरच ठेवायची. एका मुलाला टोचायचे, आठवड्याने त्याच्या फोडातला द्रव काढून दुसऱ्याला टोचायचे, असे हातोहात. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशी मजल दरमजल करीत ती मुंबईला पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लागू पडली. तिच्या दंडातून ती पुढे हिंदुस्थानभर गेली. निरनिराळ्या देशांतल्या, निरनिराळ्या धर्मांच्या, एकमेकांना कधीही न पाहिलेल्या मुलांच्या दंडांची ती साखळी होती.

पण या रीतीत धोके होते. एकाच्या अंगातले दुसरे दुखणे लशीबरोबर तिसऱ्याच्या अंगात जाई, आणि आपल्याकडे त्यात जातीपातीचा विटाळही आडवा येई. म्हणून पुढे लस जनावरांवर वाढवू लागले. वासराचे किंवा रेडकाचे पोट स्वच्छ भादरून त्यावर बारीक ओरखडे काढायचे, त्यात बीज लावायचे, पाचेक दिवसांनी वर आलेला लगदा खरवडून, ग्लिसरिनमध्ये खलून, थंडाव्यात ठेवायचा. या कामाला गोठे हवेत, चारा हवा, पाणी हवे, आणि सर्वांत मुख्य म्हणजे हवा थंड हवी. अडीच हजार फूट उंचीवरचे बेळगाव मुंबई इलाख्यात यासाठी सोयीचे होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इथे व्हॅक्सिन इन्स्टिट्यूट उभी राहिली. लोकांनी तिचा डेपो केला. इथे तयार झालेली लस इलाख्यात जाई आणि 'देवी टोचणारा' सरकारी माणूस ती घेऊन गावोगाव हिंडे. त्याला पाहिले की आया मुलांना कणगीमागे लपवीत, ते वेगळेच!

या लशीचे एक दुखणे होते. ती उन्हाला टिकत नसे. उन्हाळ्यात ती दूरच्या खेड्यात पोहोचेपर्यंत निकामी होई. टोचल्याची नोंद वहीत पडे, पण अंगात काही लागू पडलेले नसे. कायदे होते, मुंबई शहरात १८७७ पासून सक्ती होती. तरीही रोग हटेना, त्याचे एक मोठे कारण हे होते. उपाय निघाला तो १९५० नंतरच्या दशकात, लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये. लेस्ली कोलियर या शास्त्रज्ञांनी लस गोठवून सुकवण्याची खात्रीची पद्धत बसवली. ही भुकटी ३७ अंश उष्णतेत महिनाभर राहिली तरी तिचा गुण जात नाही. आता लस बैलगाडीने, सायकलवरून, पायी, कशीही जाऊ शकत होती.

१९५८ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात जागतिक आरोग्य परिषद भरली होती. तिथे सोव्हिएत रशियाचे डॉ. व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी देवी जगातून घालवण्याचा प्रस्ताव मांडला आणि पुढच्या वर्षी परिषदेने तो स्वीकारला. शीतयुद्धाचे ते दिवस होते. रशिया आणि अमेरिका एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसले होते. तरी या एका कामात ते बरोबर राहिले. रशियाने भारताला कोट्यवधी मात्रा सुकी लस देणगी म्हणून दिली. अमेरिकेतल्या वायेथ कंपनीत बेंजामिन रुबिन यांनी दोन टोकांची सुई तयार केली होती; कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेकडून तिचे स्वामित्वधन घेतले नाही. युनिसेफने यंत्रे पुरवली. आणि सुकी लस बनवणाऱ्या ज्या चार संस्था भारतात उभ्या राहिल्या, त्या म्हणजे मद्रासजवळची गिंडी, नैनितालजवळचे पटवडांगर, हैदराबाद आणि आपले बेळगाव.

मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता आणि त्याच्याबरोबर ही संस्थाही गेली. त्या तारखेने आपल्या घराघरांत काय उलथापालथ केली, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. लशीच्या कुपीला मात्र भाषा नव्हती. ती ज्याच्या दंडात जाई, त्याचे रक्षण करी.

एवढे सगळे जमून आले, तरी देवी गेली नाही. या इतिहासातला शिकण्यासारखा भाग तोच आहे.

भारताने १९६२ साली राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू केला. तीन वर्षांत शंभरांतल्या ऐंशी जणांना टोचायचे, म्हणजे साथ आपोआप आटोक्यात येईल, असा हिशेब होता. आकडे भराभर चढले. रोग हलला नाही. तपासणीत कारण उघड झाले. शाळेतल्या मुलांना टोचणे सोपे, म्हणून त्यांना दोन-दोन, तीन-तीनदा टोचले गेले. नुकती जन्मलेली मुले, बांधकामावरचे मजूर, पालावर राहणारे भटके, शहराच्या कडेच्या झोपड्या यांच्याकडे कोणी फिरकलेच नव्हते. वहीत ऐंशी टक्के दिसत होते. रोग उरलेल्या वीस टक्क्यांत सुखाने नांदत होता. सरासरीने रोगाला फसवता येत नाही.

मग रीत बदलली. डॉ. विल्यम फेगी यांनी १९६६ च्या अखेरीस नायजेरियात लस अपुरी पडली म्हणून एक युक्ती केली होती. रोगी शोधायचा, तो कोणाकोणाला भेटला ते शोधायचे, आणि त्या सर्वांना टोचून रोगाभोवती कडे करायचे. १९७३ च्या शरद ऋतूपासून भारतात हीच पद्धत घरोघर राबवली गेली. आरोग्य सेवक देवीच्या रोग्याचे चित्र असलेले कार्ड घेऊन शाळांत, बाजारांत, चहाच्या टपऱ्यांवर विचारीत फिरले. पुढे तर नवा रोगी दाखवणाऱ्याला हजार रुपयांचे बक्षीस लागले. एकेका फेरीत दहा कोटींच्या आसपास घरे पाहिली गेली. दोन टोकांची सुई लशीत बुडवायची आणि दंडावर पंधरा वेळा टोचायची. हे कोणालाही थोड्या वेळात शिकवता येई. त्यासाठी डॉक्टर लागत नव्हता.

हा शोध सुरू होताच आकडे भयंकर दिसू लागले. १९७४ साली देशात एक लाख ऐंशी हजारांहून अधिक रोगी नोंदले गेले, सर्वांत जास्त बिहारमध्ये. आधी झाकलेले आता उघडे पडत होते. स्वित्झर्लंडच्या डॉ. निकोल ग्रासे, भारताचे डॉ. एम. आय. डी. शर्मा, झेकोस्लोव्हाकियाचे, रशियाचे, अमेरिकेचे डॉक्टर एकाच जीपमधून धुळीचे रस्ते तुडवीत होते. स्वीडनने पैसा दिला, जमशेदपूरच्या भागात टाटांनी माणसे आणि गाड्या दिल्या. एका राज्यातल्या रोग्याला दुसऱ्या राज्यातून लागण झाली आहे असे कळले की लगेच तिकडे कळवले जाई. नेपाळ आणि बांगलादेश यांच्या सीमांवरही तेच. मे १९७५ मध्ये आसामातल्या करीमगंज स्टेशनावर सापडलेली, बांगलादेशातून आलेली एक भिकारीण ही भारतातली शेवटची रोगी ठरली. तिला हाकलून न देता तिच्यावर उपचार झाले आणि तिच्याभोवती लशीचे कडे केले गेले. एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त ठरवला. ८ मे १९८० रोजी सगळे जग.

या यशानंतर जगाची आशा वाढली. १९७८ साली सोव्हिएत संघातल्या अल्मा-आता शहरात देशोदेशीच्या प्रतिनिधींनी सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य ही घोषणा केली. ते साल आले आणि गेले. आता सार्वत्रिक आरोग्य संरक्षण असा शब्द आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या ठरावाची आठवण म्हणून १२ डिसेंबर हा त्याचा दिवसही पाळतात. शब्द बदलले, तरी देवीने शिकवलेले गणित बदललेले नाही. सगळ्यांपर्यंत जायचे तर वस्तू उन्हात टिकणारी हवी, ती साध्या माणसाच्या हातून देता यायला हवी, आणि वगळलेल्याला शोधत जाणारा कोणी तरी हवा.

याची साक्ष बेळगाव जिल्ह्याने पुन्हा एकदा दिली. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने बायका दगावतात. तो थांबवणारे इंजेक्शन थंड ठेवावे लागते आणि टोचणारे शिकलेले हात लागतात. खेड्यातल्या बाळंतिणीजवळ दोन्ही नसतात. २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बाळंतिणींवर एक अभ्यास केला. मिसोप्रोस्टॉल नावाच्या, शीतपेटी न लागणाऱ्या गोळ्या परिचारिका बाईंनीच द्यायच्या. रक्त किती गेले ते डोळ्यांच्या अंदाजाने न सांगता, खुणा केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मोजायचे. ज्यांना गोळ्या दिल्या नव्हत्या त्यांच्यात शंभरी बारा जणींना जास्त रक्तस्राव झाला. ज्यांना दिल्या त्यांच्यात साडेसहाहून कमी जणींना. २००६ साली लॅन्सेट या प्रख्यात नियतकालिकात हे छापून आले, आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ते औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. चूल फुंकणाऱ्या, शेतात राबणाऱ्या आपल्या भागातल्या या बायकांनी दूरदेशीच्या बाळंतिणींना दिलेले हे दान आहे. त्यांतल्या कोणी मराठी बोलणाऱ्या असतील, कोणी कन्नड. तक्त्यात त्याची नोंद नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. सीमाभागातला रोगी राज्याची हद्द पाहून आजारी पडत नाही. निपाणी-चिकोडीकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मिरजेला जात आली. कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचे इस्पितळ उघडले, तेव्हापासूनची ही वाट आहे. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या माणसाला बेळगाव जवळ पडते, म्हणून तो इकडे येतो. २०२१ च्या जानेवारीत पुण्याहून निघालेली कोविडची लस उत्तर कर्नाटकासाठी बेळगावातच उतरवून घेतली गेली. औषधाची वाट नेहमीच हद्दीच्या आरपार गेली आहे. कागदाची वाट मात्र हद्दीशी अडते. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचे ठरवले आणि कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली. कोणाचा हक्क किती, याचा मूळ दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे; तो तिथे सुटेल तेव्हा सुटो. आपली भाषा, आपले गाव यांवरचा हक्क सोडा, असे कोणी सांगू नये आणि सांगितले तरी आपण ऐकणार नाही.

पण दावा चालू आहे तोवर दोन्ही सरकारांना एवढे विचारता येईल: करीमगंजच्या स्टेशनावर पडलेल्या त्या परदेशी बाईला १९७५ साली जे मिळाले, ते हद्दीवरच्या गावातल्या आपल्या रोग्याला का मिळू नये? या दोन राज्यांनी एकमेकांची आरोग्य कार्डे एकमेकांच्या दवाखान्यांत चालवली, बिलाचा हिशेब मागाहून आपसात केला, तर कोणाची एक इंचही जमीन जात नाही. ज्या काळात रशिया आणि अमेरिका लशीपुरते एकत्र बसले, त्याच काळात बेळगावच्या कुप्या त्या कामाला लागल्या होत्या. हे काम मुंबई आणि बंगळूरला जमण्यासारखे आहे. त्यासाठी दोघांनी एकदा हद्दीवरच्या शेवटच्या घरापासून मोजायला सुरुवात करायला हवी.