ऐकल्यावर बोलायचं कुणाशी?

हल्ली बचतगटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. मोबाइलवर पॉडकास्ट ऐकायचा, तर कोणता ऐकावा? पॉडकास्ट म्हणजे आपल्या सवडीने, हवा तेव्हा लावता येणारा रेडिओचा कार्यक्रम. काही नावं आज आम्ही सुचवणार आहोतच. पण काय ऐकावं याइतकंच कसं ऐकावं हेही महत्त्वाचं असतं, आणि ते शिकवणारी एक हकिगत आपल्याच जिल्ह्यातली आहे.

साल १९५६. महाराष्ट्र राज्य अजून झालेलं नव्हतं. पुण्याचं आकाशवाणी केंद्र सुरू होऊन जेमतेम अडीच वर्षं झाली होती. ‘गीतरामायण’ रंगात आलं होतं आणि रेडिओभोवती घरंच्या घरं गोळा होत होती. त्याच दिवसांत, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, नाशिक, कोल्हापूर, उत्तर सातारा आणि आपला तेव्हाचा अहमदनगर अशा पाच जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं त्यासाठी निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांचं श्रोतामंडळ केलं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे, असे एकूण २० कार्यक्रम झाले. शेती, आरोग्य, शिक्षण, गावचा कारभार असे त्यांचे विषय होते.

कार्यक्रम संपला की मंडळी उठून जात नसत. ऐकलेल्या गोष्टीवर तिथेच चर्चा होई. प्रश्न आणि निर्णय लिहून पुण्याला कळवले जात आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तरं मिळत. ऐका, चर्चा करा, कृती करा, ही कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ-मंडळांकडून घेतलेली रीत होती.

प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. पॉल न्यूराथ हे समाजशास्त्रज्ञ त्या कामात प्रमुख होते. त्यांनी तीन प्रकारची गावं ताडून पाहिली: मंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओ नसलेली. मंडळाच्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारसा फरक दिसला नाही. म्हणजे गुण नुसत्या पेटीचा नव्हता. ऐकून झाल्यावर जे बोलणं झालं, त्याचा होता. कुठे विहिरी खणल्या, कुठे जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आणल्या, कुठे बालवाडी निघाली. १९५९ साली ही योजना देशभर नेण्यात आली.

आता यातली सल सांगतो. त्या मंडळांत बसणारे बहुतेक सगळे पुरुष होते. विहीर झाली तर पाणी कोण शेंदणार, कोंबड्या कोण सांभाळणार, लेकराला बालवाडीत कोण पोचवणार? बाई. पण जिथे त्यावर बोलणं झालं, तिथे ती नव्हती. रेडिओ तिच्याही कानावर पडत असेल, पण हातातलं काम न सोडता आणि एकटीने. प्रश्न विचारायची जागा तिला नव्हती.

ती जागा मिळायला फार काळ गेला. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना रेडिओ चालवायची परवानगी मिळाली. २००८ मध्ये तेलंगणातल्या माचनूरला दलित शेतकरी बायकांचा ‘संगम रेडिओ’ आणि साताऱ्यातल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. आपल्या नगरातही ‘स्नेहालय’चा ‘रेडिओ नगर’ ९०.४ वर लागतो.

मग मोबाइलवर काय लावावं? आकाशवाणीच्या ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर पुणे, मुंबई आणि इतर केंद्रं थेट लागतात. परगावी गेलेल्या लेकीलाही आपल्याकडचं केंद्र तिथे ऐकता येतं. रोजच्या घडामोडींसाठी बीबीसी मराठीचं ‘तीन गोष्टी’ आहे. जगातला एखादा प्रश्न मुळापासून समजून घ्यायचा असेल, तर त्यांचंच ‘गोष्ट दुनियेची’ लावा. तिसरं, जवळच्या सामुदायिक रेडिओचे कार्यक्रम ऐका, कारण तिथे बोलणारी बाई आपल्याच बोलीत बोलते आणि तिला गाठून प्रश्नही विचारता येतो.

पण कानात बोंडं घालून एकटीनेच ऐकलं, तर आपलीही गत १९५६ च्या नुसता रेडिओ असलेल्या गावांसारखी होईल. म्हणून आमची शिफारस एवढीच: आठवड्यातून एक दिवस ठरवा. बचतगटाचा हिशेब झाला की फोन मधोमध ठेवून एक भाग सगळ्यांनी मिळून ऐका. जेवढा वेळ ऐकलं तेवढाच वेळ त्यावर बोला. जिला लिहिता येतं तिने प्रश्न वहीत टिपून घ्यावेत. डॉक्टरांना विचारायचा कोणता, ग्रामसभेत मांडायचा कोणता, रेडिओला कळवायचा कोणता, हे तिथेच ठरवा. सासूबाईंना आणि शाळेतल्या मुलींनाही सोबत बसवा.

ज्या कार्यक्रमानंतर गटातल्या गप्प बसणाऱ्या बाईनेही एखादा प्रश्न विचारला, तो कार्यक्रम ऐकण्यासारखा समजा. त्याचं नाव आम्हालाही जरूर कळवा.