हरणाने स्वतःच टिपलेले छायाचित्र

कॅमेरा ट्रॅप लावताना पहिला प्रश्न पडतो, तो लावायचा कुठे? जॉर्ज शिरास या अमेरिकी वकिलाला याचे उत्तर शिकारीने शिकवले होते. मिशिगनमधील व्हाइटफिश सरोवराच्या परिसरात हरणांच्या येण्याजाण्याच्या वाटा त्यांना ठाऊक होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी अशाच वाटेवर दोरी आडवी ताणली आणि कॅमेरा तिच्यावर रोखला. अंधारात हरणाचा दोरीला स्पर्श होताच मॅग्नेशियमची पूड भडके आणि छायाचित्र टिपले जाई. जुलै १९०६ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने शिरास यांची ७४ वन्यजीव छायाचित्रे प्रसिद्ध केली. वाटेची पारख शिकाऱ्याचीच होती; पण आता दचकलेले हरीण जिवंत रानात परतत होते.