दाबाच्या खुणेची कुळकथा

बंदुकीतील दारू पेटल्यावर नळीच्या बुडाशी वायूचा जो दाब निर्माण होतो, तो डोळ्यांना दिसत नाही आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास चढून उतरूनही जातो. त्यामुळे मागे उरलेल्या वस्तूवर त्याने उमटवलेली खूण वाचणे, एवढाच मार्ग माणसापुढे दीर्घकाळ होता. ठासणीच्या बंदुकीत, म्हणजे तोंडाकडून दारू व गोळी भरून गजाने ठासायच्या बंदुकीत, अशी खूण उमटायला जागाच नव्हती. बार जड झाला की खांद्याला धक्का जोरात बसे आणि फारच जड झाला की नळी फाटे. या दोहोंच्या मधली पूर्वसूचना भरणाऱ्याच्या हाती क्वचितच लागे.

पोर्तुगीजांकडून मराठीत आलेल्या ‘काडतूस’ या शब्दाचा मूळ अर्थ कागदाची गुंडाळी असा आहे, आणि १८५७ च्या एन्फील्ड बंदुकीचे काडतूस खरोखरच कागदाचे होते. १८६६ नंतर ब्रिटिश लष्कराने स्नायडर बंदुकीसाठी एडवर्ड बॉक्सर याचे पितळी काडतूस स्वीकारले आणि चित्र पालटले. पितळेची पुंगळी दाबाने फुगून नळीला घट्ट चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब ओसरताच किंचित आक्रसून बाहेर ओढता येते. म्हणजे जी वस्तू सगळा दाब सोसते, तीच तपासणीसाठी हाती राहते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये उभा राहिला तो याच संक्रमणाच्या काळात. जळगाव जिल्ह्यात वरणगावला १९६४ मध्ये निघालेला कारखाना आजही रायफलीची काडतुसे बनवतो.

पुंगळीवरच्या खुणांचे शास्त्र मात्र मुख्यतः हाताने काडतुसे भरणाऱ्या पाश्चात्त्य नेमबाजांनी वाढवले. पुंगळीच्या बुडातील टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी वाटी, कडेपर्यंत सपाट होणे, तिचा धातू तिच्यावर आघात करणाऱ्या पिनेच्या छिद्रात वर सरकणे, बुडावर बोल्टच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या, भागाचा चकाकता ठसा उठणे, बोल्ट उचलायला जड जाणे आणि टोपीची खोबण सैल पडणे, या साऱ्यांना ते दाबाच्या खुणा म्हणतात. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्यावाचून काडतूस बनवता येत नाही, आणि या खुणांचा फसवा स्वभाव पाहता तो निर्बंध योग्यच ठरतो. मऊ धातूची टोपी माफक दाबालाही सपाट होते, पुंगळी आणि बोल्ट यांच्यात फट अधिक असली तरी तसेच दिसते. उलट टोपी कठीण आणि बंदूक मजबूत असेल तर दाब मर्यादेच्या बराच पुढे जाईपर्यंत एकही खूण उमटत नाही. त्यात उष्णतेची भर पडते: दारू तापलेली असली की अधिक वेगाने जळते, त्यामुळे थंडीत निर्धोक ठरलेला बार बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर-खामगावच्या मे महिन्यातील उन्हात तसाच निर्धोक राहील, असे मानता येत नाही.

खुणेलाच मापक बनवण्याचा प्रयत्न १८६० च्या आसपास सुरू झाला. अमेरिकेत थॉमस रॉडमनने तांब्याच्या तुकड्यात पाते रुतवून त्या खाचेवरून दाब काढला, तर इंग्लंडमध्ये अँड्र्यू नोबलने तांब्याची लहान कांडी दट्ट्याखाली चेपून तिच्या घटलेल्या उंचीवरून तो ठरवला. ही युक्ती शतकभर चालली, पण तिच्यात एक खोट होती: कांडी किती दाबाला किती चेपते याचे कोष्टक सावकाश दाब देऊन केलेले असे, आणि क्षणभराच्या दाबाला तांबे पूर्ण प्रतिसाद देत नाही. स्फटिक दाबला की त्यात विद्युतभार उत्पन्न होतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. त्या गुणावर बेतलेली मापके आल्यावर हा फरक उघड झाला. ‘०.३०८ विंचेस्टर’ या काडतुसाची कमाल मर्यादा तांब्याच्या मापाने ५२,००० मांडली जाते, तर स्फटिकाच्या मापाने तीच दर चौरस इंचाला ६२,००० पौंड येते.

खूण विश्वासार्ह व्हायची तर ती आधी ज्ञात दाबाखाली, आणि तितक्याच वेगाने, उमटवून पाहावी लागते. याचा सर्वांत सुंदर दाखला खुद्द बुलढाणा जिल्ह्यात, लोणारला आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे की उल्काघाताचे, हा वाद कूपछिद्रांतून काढलेल्या खडकांनी मिटवला. त्यांत मॅस्केलिनाइट सापडले, म्हणजे धक्क्याच्या दाबाने न वितळताच काच झालेले फेल्डस्पार खनिज, आणि कर्ट फ्रेड्रिक्सन व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये उल्काघाताचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. १९७६ मध्ये सुसान कीफर व सहकाऱ्यांनी लोणारच्या बेसाल्टातील खुणांचे पाच वर्ग पाडले. त्यांतील दुसरा, मॅस्केलिनाइटचा वर्ग सुमारे २०० ते ४०० किलोबारचा, म्हणजे वर सांगितलेल्या काडतुसाच्या मर्यादेच्या जवळपास पन्नास ते नव्वद पट दाबाचा आहे. पुढच्याच वर्षी शाल आणि हॉर्झ यांनी लोणारचा बेसाल्ट आणि चंद्रावरून आणलेला बेसाल्ट प्रयोगशाळेत १००० किलोबारपर्यंतच्या मोजलेल्या धक्क्यांखाली ठेवला, आणि लोणारवरून ठरलेले वर्ग चंद्राच्या खडकालाही लागू पडतात, असे त्यांना आढळले.