एक अर्ज, चार शिकारी



मार्च आला, की कोलोरॅडोतल्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एकच विषय: यंदा एल्कच्या शिकारीचा अर्ज कोणी कोणाबरोबर भरायचा? एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. काही वर्षांपूर्वी तिघा सहकाऱ्यांची ही चर्चा ऐकून मी म्हणालो, "मलाही घ्या गटात." तिघेही गप्प. मला वाटलं, झालं, आपण बाहेरचे ते बाहेरचेच. घरी येऊन बायकोला तसं बोललोही.

त्या गप्प बसण्यामागे मोठा इतिहास आहे, हे मला नंतर कळलं.

एकोणिसाव्या शतकात इथे शिकारीला धरबंध नव्हता. मांस आणि कातडी रेल्वेने शहरांत विकायला जात. कोट्यवधी बायसन होते, ते १८८९ पर्यंत हजाराच्या आसपास उरले. एल्कचीही दशा वाईट. कोलोरॅडोत ते वायोमिंगहून आणून सोडावे लागले. १९०० साली लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या जनावरांचा राज्याराज्यांतला व्यापार बंद केला. राज्यांनी हंगाम आणि परवाने ठरवले. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला लावला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हौसेच्या शिकारीची दारं बंद होत गेली. इथे शिकाऱ्याच्याच पैशातून जनावरं राखायचं ठरलं. आज एकट्या कोलोरॅडोत अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत.

पण परवाने मोजके आणि मागणारे फार, म्हणून सोडत. म्हाडाची आठवते ना? फरक एवढाच, की इथे नंबर लागला नाही तर एक पॉइंट जमा होतो आणि पुढच्या वर्षी तुम्ही रांगेत पुढे सरकता. चांगल्या भागासाठी लोक दहा-दहा वर्षं पॉइंट साठवतात. मित्रांना किंवा बापलेकांना बरोबर जायचं असेल, तर गटाने अर्ज करता येतो. परवाना मिळाला तर सगळ्यांना, नाही तर कोणालाच नाही. आणि गटाचे पॉइंट किती धरायचे? ज्याचे सर्वांत कमी, त्याचे असतील तेवढेच.

त्या तिघांकडे सात-सात पॉइंट होते. माझ्याकडे शून्य. मला घेतलं असतं, तर चौघेही रांगेच्या शेवटी गेलो असतो. त्यांना सांगायला संकोच वाटला, आणि मी तरी कुठे विचारलं?

पुढच्या वर्षी त्यांच्यातलाच एक जण माझ्याकडे आला. त्याने वाट काढली होती: पहिल्या पसंतीला नुसता पॉइंट मागायचा आणि दुसऱ्या पसंतीला कमी मागणीचा भाग. दुसऱ्या पसंतीचा परवाना मिळाला, तरी साठवलेले पॉइंट खर्च होत नाहीत. मी शिकारीचा सक्तीचा कोर्स केला, चौघांनी एकत्र अर्ज भरला, आणि परवाने मिळाले.

एल्क काही दिसलं नाही. थंडीने मात्र चौघेही सारखेच कुडकुडलो.

तेव्हा मंडळी, तुमच्या बोलण्यावर कधी समोरचे असे गप्प झाले, तर घरी येऊन कुढण्याआधी एकदा विचारून बघा. भेटू पुढच्या भागात.